साध्या लॅपटॉपवरचे जुने खेळ

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले ९,३०० रुपये खात्यातून कमी झालेले दिसले. आधी वाटलं, कुणीतरी फसवलं. पण मोबाईलमधला हिशेब उघडून पाहिला, तर चौदा वेळा पैसे गेले होते. कधी १५९, कधी ७९९. वेळ रात्री साडेअकरा, पावणेबारा. सगळे एकाच मोबाईल गेमच्या नावाने.

माझ्या फोनचा पिन घरात दोघांनाच माहीत आहे. एक मला, दुसरा माझ्या थोरल्या मुलाला. तो नववीत आहे. त्याचे अब्बा कुवेतला असतात. त्यामुळे किराणा, वीजबिल, दादीची औषधं ही सगळी कामं तोच करतो. त्याला बोलावून फोन पुढे ठेवला. तो रडायला लागला. म्हणाला, "अम्मी, मी पैज नाही लावली. फक्त कपडे घेतले." म्हणजे गेममधल्या शिपायाचे कपडे, बंदुकीचा रंग आणि असंच काही.

पैज लावली नाही हे त्याचं खरं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घालणारा कायदा केला. पण गेममधली ही खरेदी म्हणजे पैज नव्हे, दुकान आहे. ते दुकान चोवीस तास मुलाच्या हातात उघडं असतं.

ऑपरेशन वेळेवर झालं. भिशीचे पैसे त्याच महिन्यात लागले होते, ते घातले. खरी अडचण वेगळीच झाली. मुलाच्या अब्बांना फोनवर सांगितलं, तर ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून "त्याला फोन दे" असं म्हणणं त्यांनी बंद केलं. धाकटीशी बोलायचे, आईशी बोलायचे, माझ्याशी बोलून फोन ठेवायचे. मुलालाही ते कळलं. रात्री फोनची वेळ झाली की तो माळ्यावर जाऊन बसू लागला. दीड महिना असाच गेला. दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब बसलेल्या माणसाची आणि मुलाची मी समजूत काढणार तरी कशी?

कपाटातला लॅपटॉप

मोबाईल मी काढून घेतला होता. बाहेर पाऊस. पोरगं दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. त्यात गेलं वर्षभर त्याचा एकच हट्ट होता, गेम खेळायचा मोठा लॅपटॉप हवा. दुकानात चौकशी केली होती, तर आकडे ७०,००० च्या पुढेच ऐकले. आता त्याने तो विषय काढणंही सोडलं होतं.

माझा भाऊ, मुलांचे मामू, चिपळूणच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. वीसेक वर्षांपूर्वी त्याच दुकानात त्याचा सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये. शाळा सुटली की पोरांची रांग लागायची. जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं आणि जुने डेस्कटॉप, सीड्यांची खोकी, सगळं चिखलात गेलं. तो एका रविवारी घरी आला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो लॉकडाऊनमधला लॅपटॉप कुठे आहे?"

तो लॅपटॉप आम्ही २०२० साली ऑनलाइन शाळेसाठी २२,००० रुपयांना घेतला होता. शाळा सुरू झाल्यावर तो कपाटात गेला तो तिथेच राहिला. आत इंटेलचा सेलेरॉन एन ४०२०, चार जीबी रॅम आणि ६४ जीबीची साठवण. मुलगा म्हणाला, "मामू, त्याच्यावर काहीच चालत नाही." मामू म्हणाला, "तुला जे पाहिजे ते चालत नाही. काहीच चालत नाही असं नाही."

हे वाक्य मला पटलं, म्हणून त्याच्याकडून नीट समजून घेतलं. आपल्या वाचक भगिनींच्या घरीही असे लॅपटॉप पडून असतील, म्हणून सांगते.

नव्या मोठ्या गेमना तीन गोष्टी लागतात: चित्रं भराभर काढणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड, भरपूर रॅम आणि भरपूर जागा. आजचे काही गेम एकटेच शंभर जीबी जागा मागतात. आमच्या लॅपटॉपची अख्खी कोठीच ६४ जीबीची, त्यातही निम्मी विंडोजने भरलेली. पण 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ साली निघाला, तेव्हा त्याला ३२ एमबी रॅम पुरत होती. आमच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या १२८ पट आहे. जे यंत्र आज दुकानात सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवतात, ते १९९५ च्या माणसाला दाखवलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

मग जुना गेम थेट का चालत नाही? कारण नवं विंडोज जुनी भाषा विसरलं आहे. १९८० आणि ९० च्या दशकातले बरेच गेम 'डॉस' नावाच्या प्रणालीसाठी लिहिलेले आहेत. ते सोळा बिटांचे प्रोग्राम आजचं चौसष्ट बिटांचं विंडोज चालवतच नाही. त्यावर उपाय म्हणजे 'डॉसबॉक्स' हा प्रोग्राम. तो २००२ साली पहिल्यांदा आला आणि पूर्णपणे मोफत आहे. तो लॅपटॉपच्या आत एका जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल उभी करतो. आतल्या गेमला वाटतं आपण १९९० मध्येच आहोत. गेम फार भरभर पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ ११ दाबून वेग कमी करायचा, मंद वाटला तर कंट्रोल आणि एफ १२ ने वाढवायचा. माऊस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ १० ने सुटतो. एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या तरी अर्धं काम होतं.

राजपुत्राचे साठ मिनिटं

मामूने सगळ्यांत आधी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' दाखवला. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह नावाचं एक ग्रंथालय आहे. त्यांनी २०१५ साली डॉसवरचे दोन हजारांहून जास्त गेम ब्राउझरमध्येच उघडतील असे ठेवले. तिथे त्याने तो उघडला. पडद्यावर तळघर आणि पांढऱ्या कपड्यांतला एक लहानसा माणूस आला. मुलगा बघून म्हणाला, "हे काय, ह्याला चेहरा पण नाही." धाकटी मात्र पुढे सरकून बसली.

हा गेम जॉर्डन मेकनर या एका तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला आणि तो १९८९ साली निघाला. त्यातला राजपुत्र पळतो, कठड्याला लटकतो, धापकन पडतो, ते सगळं खऱ्या माणसासारखं वाटतं, कारण ते खऱ्या माणसाचंच आहे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चित्र गिरवून कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. गेमचं संगीत त्याच्या वडिलांनी केलं. म्हणजे तसा तो घरचाच उद्योग.

त्यात एक गोष्ट आहे ती मला फार आवडली. ज्या कॉम्प्युटरवर तो काम करत होता त्याची मेमरी अगदीच थोडी. आपल्या मोबाईलमधला एक तीन एमबीचा फोटो त्यात ठेवायचा म्हटलं तर असे कितीतरी कॉम्प्युटर लागतील. राजपुत्राच्या हालचालींनीच सगळी जागा भरली. नवा शत्रू काढायला जागा उरली नाही. तेव्हा त्याने राजपुत्राचंच चित्र जरा उलटंसुलटं करून त्याची एक सावली तयार केली. नवी जागा जवळजवळ लागली नाही आणि गेमला एक नवं पात्र मिळालं. तंगीत घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ही युक्ती कळेल.

ही सावली राजपुत्राच्या आरशातून बाहेर येते आणि त्याच्या वाटेत अडथळे आणते. शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर उभी राहते. आमच्याकडे दोन्ही पोरं तिच्याशी लढून लढून थकली. तिला वार केला की आपलीच ताकद कमी होते. आठवडाभराने धाकटीने चुकून तलवार म्यानात घालायचं बटण दाबलं. समोरच्या सावलीनेही तलवार ठेवली. मग पुढे गेलं की दोघं एक होतात आणि वाट मोकळी होते. त्या दिवशी दोघांनी मिळून जो आरडाओरडा केला तो ऐकून सासूबाई घाबरून उठल्या.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ह्या गेमला साठ मिनिटांची मुदत आहे, तेवढ्यात शहजादीला सोडवायचं. पण एस्केपचं बटण दाबलं की घड्याळ थांबतं. मगरीबची अजान झाली, जेवायला हाक मारली, दळण आणायचं आहे, गेम थांबतो. त्या मोबाईल गेममध्ये शंभर अनोळखी माणसं एकाच वेळी खेळत असायची. मी हाक मारली की उत्तर ठरलेलं, "अम्मी, आता सोडता येत नाही." मी इतके दिवस ते त्याचं निमित्त समजत होते. तो खोटं बोलत नव्हता. तो गेम सोडता येऊ नये म्हणूनच तसा बनवलेला आहे.

जुना म्हणजे फुकट नव्हे

तिसऱ्या दिवशी मुलाने मामूला फोनवर विचारलं, "मामू, हा गेम आपला आहे का?"

मामू म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे आपण पैसे दिले नाहीत ना. मग चालतं का?"

मामू थोडा वेळ गप्प झाला. मग खरं ते बोलला. कॅफे चालवताना त्याच्याकडे ज्या सीड्या होत्या त्यातल्या बहुतेक नकला होत्या. तेव्हा सगळेच तसं करायचे, कुणी विचारायचं नाही. पण सगळे करतात म्हणून ते बरोबर होत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम पुस्तकासारखेच धरले आहेत आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं तो हक्क राहतो. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या गेमचा हक्क आजही कुणाचा तरी आहेच. ग्रंथालयाने जतन करायला ठेवणं वेगळं आणि कुठल्याही साइटवरून उचलून घरी आणणं वेगळं.

नऊ हजार तीनशे रुपयांनंतर माझ्या मुलाने हा प्रश्न स्वतःहून विचारला, याचं मला जे वाटलं ते मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी त्याच्या आवडीची सांदणं केली.

मग मामूने हक्काच्या वाटा सांगितल्या. पहिली वाट म्हणजे मुक्त गेम. हे लोकांनी मिळून बनवलेले असतात. ते कुणीही मोफत उतरवून घेऊ शकतं, आणि वाटले तरी चालतात. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा बुद्धिबळासारखा डाव टाकायचा गेम २००३ पासून आहे. लहान मुलांसाठी 'जीकॉम्प्री' आहे, त्यात अक्षरं, गणितं, चित्रं जुळवणं असे शंभराहून जास्त छोटे खेळ मिळतात. दुसरी वाट म्हणजे मालकांनीच मोफत करून टाकलेले जुने गेम. १९९४ चा 'बिनीथ अ स्टील स्काय' हा गोष्टीचा गेम बनवणाऱ्यांनी २००३ साली सर्वांना खुला केला. तिसरी वाट म्हणजे विकत घेणं. पोलंडच्या एका कंपनीने २००८ मध्ये 'गुड ओल्ड गेम्स' नावाचं दुकान इंटरनेटवर काढलं. आज त्याला जीओजी म्हणतात. जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील असे करून ते विकतात. एकदा घेतला की तो आपला, पुन्हा पुन्हा इंटरनेटला विचारावं लागत नाही. सवलतीच्या दिवसांत एखाद्या जुन्या गेमची किंमत एका बिर्याणीच्या प्लेटहून जास्त नसते.

घरात जुन्या सीड्या असतील तर त्या चालतीलच असं नाही. स्वस्त लॅपटॉपला बहुधा सीडीचा कप्पाच नसतो. शिवाय साधारण २००० सालच्या बऱ्याच सीड्यांवर नक्कल होऊ नये म्हणून एक कुलूप असायचं, आणि त्या कुलपात पळवाट असल्याने विंडोज १० ते स्वीकारतच नाही.

शुक्रवार, चार वाजता

मुक्त गेममधला आमच्या घरात टिकला तो 'ओपनटीटीडी'. क्रिस सॉयर नावाच्या माणसाने १९९४ साली 'ट्रान्सपोर्ट टायकून' बनवला होता. रेल्वे, ट्रक, जहाज, विमान चालवणारी कंपनी काढायची आणि वाढवायची. २००४ मध्ये काही लोकांनी त्याची मुक्त आवृत्ती सुरू केली आणि २०१० पासून ती मूळ गेमच्या चित्रांशिवायही खेळता येते. उतरवून घ्यायला फार जागा लागत नाही. आमच्या लॅपटॉपवर ती लोण्यासारखी चालते. हिशेब रुपयांत दाखव म्हटलं तर रुपयांत दाखवते.

कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत रूळ टाकायचे, स्टेशन बांधायची, गाडी घ्यायची. माल किती, किती लांब आणि किती दिवसांत पोचवला, यावर भाडं मिळतं. मुलाची पहिली लाईन तोट्यात गेली, कारण खाण आणि केंद्र अगदी शेजारी होते. दुसऱ्या लाईनवर दोन गाड्या समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या. एकच रूळ, सिग्नल चुकीचा, मागेही जाता येईना. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "अरे, मधे क्रॉसिंगला जागा ठेव ना, आपल्या कोकण रेल्वेसारखी." आपली कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे. मुंबईला जाताना गाडी मधेच एखाद्या स्टेशनात अर्धा तास का उभी राहते, म्हणून तो लहानपणापासून वैतागायचा. ते त्याला त्या दिवशी कळलं.

ह्या गेममध्ये इंटरनेटवरून दोघं मिळून एकच कंपनी चालवू शकतात. २०२१ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून तर एक कोड पाठवला की झालं. दोन्हीकडे आवृत्ती मात्र तीच हवी. मामूने मला न विचारता कुवेतला फोन केला. तिकडे कॅम्पच्या खोलीत चौघं राहतात, त्यातल्या एकाकडे जुना लॅपटॉप आहे. त्याच्यावर गेम उतरवून घेतला. शुक्रवारी त्यांना सुट्टी. तिकडे जुम्मा झाली, जेवण झालं की दीड वाजतो. आपल्याकडे तेव्हा चार वाजलेले असतात.

पहिल्या शुक्रवारी मुलगा आधी बसायलाच तयार नव्हता. धाकटीने हात धरून बसवलं. फोन स्पीकरवर ठेवला. पहिली वीस मिनिटं दोघं फक्त कामाचं बोलले.

"स्टेशन इथे टाक."

"पूल लागेल, अब्बा."

"कितीला?"

"पैसे नाहीत तेवढे."

गेम सुरू होतो तेव्हा कंपनीच्या डोक्यावर कर्ज असतंच, आणि त्यावर व्याज कापलं जातं. ते बघून तिकडून आवाज आला, "आधी हे कर्ज फेड. मग नवी गाडी."

मुलगा म्हणाला, "अब्बा, नवी गाडी घेतली तर कमाई वाढेल, मग लवकर फिटेल."

"तसंच वाटतं," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "मी पहिल्यांदा इकडे आलो ना, तेव्हा व्हिसासाठी लोकांकडून पैसे उचलले होते. पहिली दोन वर्षं त्यांचेच फेडत होतो. तू तेव्हा चालायला शिकत होतास. मी बघितलं नाही ते."

हे मुलाला माहीत नव्हतं. आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. मुलांना कळू नये म्हणून आपण किती गोष्टी झाकून ठेवतो, आणि मग म्हणतो की मुलांना पैशाची किंमत नाही. तो काही बोलला नाही. पडद्यावर कर्ज फेडायचं बटण होतं, ते त्याने दाबलं. मी स्वयंपाकघरात गेले.

चौथ्या की पाचव्या शुक्रवारी त्यांनीच विषय काढला. "दादीचे पैसे कसे फेडणार आहेस?" रागाने नाही, कंपनीचा हिशेब विचारावा तसं विचारलं. मुलाने सांगितलं, रविवारी मामूच्या दुकानात मदतीला जाईन. तो आता तिथे की-बोर्ड साफ करतो, लॅपटॉप उघडून धूळ काढतो, विंडोज घालायला शिकला आहे. मामू दिवसाचे २०० रुपये देतो. ते तो दादीच्या हातात ठेवतो आणि दादी बटव्यात. आतापर्यंत ३,२०० झाले आहेत. सासूबाई मला म्हणतात, राहू दे आता, पोरगं आहे. मी म्हणते, फेडू द्या.

काही सांभाळायच्या गोष्टी

हे वाचून कुणाला वाटेल की जुने गेम आणले की सगळं सुधारतं. तसं नाही. माझा मुलगा अजूनही मित्राच्या घरी गेला की तोच मोबाईल गेम बघत बसतो. पहिले आठ-दहा दिवस त्याला जुने गेम कंटाळवाणेच वाटले. आणि वेळ खाण्याच्या बाबतीत जुना गेमही कमी नाही. मी स्वतः एका रात्री पत्त्यांचा सॉलिटेअर घेऊन बसले, मान वर केली तर एक वाजला होता. हा पत्त्यांचा डाव १९९० पासून विंडोजबरोबर येतो. लोकांना माऊसने चित्र धरून ओढायची सवय व्हावी, हाही त्याचा उपयोग होता. मला सवय चांगलीच लागली. म्हणून आमच्याकडे नियम माझ्यासह सगळ्यांना आहे: रोज एक तास, अभ्यास आणि ईशाच्या आधी, आणि लॅपटॉप फक्त बैठकीच्या खोलीत.

जुना म्हणजे सगळा सोज्वळ असंही समजू नका. तेव्हाही रक्तपाताचे, जुगाराचे, नको त्या चित्रांचे गेम होतेच. मुलाला देण्याआधी आपण अर्धा तास स्वतः खेळून बघावा. काही गेममध्ये आपला इतिहासही वेगळ्या नजरेतून येतो. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात सुलतान सलाहुद्दीन यांची मोहीम आहे. माझ्या मुलाने ती मामूच्या दुकानात पाहिली आणि मग ग्रंथालयातून त्यांच्यावरचं पुस्तक आणलं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'तला दुष्ट वजीर मात्र जुन्या सिनेमांतून आणि किश्शांतून उचललेला आहे. खरा इराण असा नव्हता, हे आपण शेजारी बसून सांगायचं.

सगळ्यांत जास्त सांभाळायचं ते उतरवून घेताना. जुन्या गेमच्या नावाने फसव्या साइट खूप आहेत. एका पानावर पाच-पाच 'डाउनलोड' बटणं असतात आणि त्यातली चार भलतंच काही आत घालतात. त्या गेमच्या स्वतःच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ज्या लॅपटॉपवर मुलं खेळतात, त्यावर बँकेचं काही ठेवू नका. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. लॅपटॉप नव्या विंडोजला चालत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी हलकी आणि मोफत प्रणाली टाकून घ्या. ओपनटीटीडी, डॉसबॉक्स, जीकॉम्प्री हे सगळं तिच्यावर चालतं.

लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू देऊ नका, खालची हवा बंद होते आणि तो तापून मंद होतो. लाकडी पाट पुरतो. जागा कमी असेल तर व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ आधी काढून टाका. बाणांची बटणं लवकर खराब होतात. त्यासाठी तीन-चारशे रुपयांचा वेगळा की-बोर्ड जोडला की लॅपटॉपचा वाचतो. आमचं डावीकडच्या बाणाचं बटण धाकटीने राजपुत्राला पळवून पळवून आधीच ढिलं केलं आहे.

आणि फोनचा पिन बदला. मी बदलला. मुलाला आता किराण्यासाठी रोख पैसे देते आणि तो परत आल्यावर चिठ्ठी दाखवतो. दादीच्या बटव्यात ९,३०० पूर्ण झाले की नवा पिन त्याला सांगायचा, असं त्याच्या अब्बांनी आणि मी ठरवलं आहे. त्याला ते माहीत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो रविवार मोजतो. अजून एकतीस राहिले आहेत.

तुमच्या कपाटात असा एखादा लॅपटॉप पडून असेल तर भंगारात देण्याआधी एकदा चार्जिंगला लावून बघा. पहिल्या दिवशी मुलाच्या शेजारी स्वतः बसा. आणि घरातलं कुणी लांब असेल तर त्यांनाही कोड पाठवा. शुक्रवारी चार वाजता मात्र आमच्याकडे फोन करू नका, लाईन लागणार नाही. सध्या आमच्या कंपनीच्या सात गाड्या धावतात आणि कर्ज फिटलं आहे. आता डोंगरातून बोगदा काढायचा की वळसा घालायचा, यावर बाप-लेकात वाद चालू आहे.